पाडव्याचं तेल आणि करंजीचा घाट

मला भित्री म्हणायचं तर खुशाल म्हणा, मित्रांनो. मी एक जुनी जीप आहे, पाथर्डी तालुक्यातली, तिसगावच्या पुढच्या एका वस्तीवरची. माझ्या अंगावर आजवर तीन रंग चढले, एक इंजिन गेलं, दुसरं आलं, आणि शिटांचं तर विचारूच नका. भीती मात्र पहिल्यापासून तीच आहे. मी उताराला भिते, चिखलाला भिते, लोहाराच्या घणाला भिते. पण पंच्याण्णव सालच्या दिवाळीनंतर मी जी भ्याले, तशी वेळ वैऱ्याच्या गाडीवरही येऊ नये. म्हणून ही हकीकत सांगायला बसले आहे.

माझा जन्म मुंबईकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. ठोकाठोकी, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि ओल्या रंगाचा वास, बस्स. सरकारी खात्यानं मला नगरला आणलं. दुष्काळी कामांवर साहेबांना न्यायचं, हे माझं काम. खडी फोडणाऱ्या बायका मला पाहून हातोडी खाली ठेवायच्या आणि मी उगीचच मनातून फुगायचे. साहेब नव्हे, मीच आले म्हणून त्या थांबल्या, असं वाटायचं मला! पुढं साहेबांना नवी गाडी मिळाली आणि मला कचेरीच्या मागं बाभळीखाली उभं केलं. चाकांतली हवा गेली. शेळ्या माझ्या बॉनेटवर चढून बाभळीच्या शेंगा खायच्या आणि त्यांना हटकायलाही कुणी येत नव्हतं.

तिथून लिलावात मला सूर्यभाननं घेतलं. उंच, किडकिडीत, मोजकं बोलणारा गडी. त्यानं माझं थकलेलं पेट्रोलचं इंजिन काढलं, डिझेलचं बसवलं आणि तिसगाव ते नगर अशी माणसांची ने-आण सुरू केली. काय दिवस होते ते! मढीच्या जत्रेला माणसं माझ्या मागच्या फळीला लोंबकळून जायची. नव्या नवऱ्या माझ्यात बसून रडल्या आणि करंजी येईस्तोवर हसायलाही लागल्या. अडलेल्या बायांना मी नगरच्या दवाखान्यात वेळेवर पोचवलं. "सूर्यभानची जीप लई गुणाची हाय," असं लोक म्हणायचे, तेव्हा मला आपली भीती लपवता आली म्हणून फार बरं वाटायचं.

सूर्यभानची बायको छबूबाई. ती लहानपणापासून ऊस तोडायला जायची. आई-बापाबरोबर गेली, मग नवऱ्याबरोबर गेली. दिवाळी झाली की घराला कुलूप, आणि मग कोपरगावकडच्या उसाच्या फडात पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी. तिचं पहिलं मूल त्या कोपीतच थंडीनं गेलं. मी दारात आले त्या दिवशी तिनं माझ्या बॉनेटवर डोकं टेकलं आणि म्हणाली, "आता न्हाई जायाचं बाई फडात. तूच आमाला पोसायचं." तेव्हापासून ती रोज मला फडक्यानं पुसायची. कुणी माझ्या टपावर दणकन पोतं टाकलं तर तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा.

सूर्यभान माझी काळजी घ्यायचा, पण त्याची एक वाईट खोड होती. बॉनेट उघडलं की तो बायकोला जवळ येऊ द्यायचा नाही. ती कुतूहलानं पुढं झाली की ठरलेलं वाक्य यायचं, "तू लांब हो. तुला काय कळतंय ह्यातलं?" मग ती बिचारी चुलीपाशी उभी राहून लांबूनच बघायची.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगून ठेवते, म्हणजे पुढचं नीट कळेल. माझ्या इंजिनाशेजारी एक काळं भांडं आहे. इंजिन हवा ओढतं ती त्या भांड्यातून. त्याच्या तळाशी थोडं तेल असतं आणि हवेतली धूळ त्या तेलात बसते. तेल किती घालायचं याची आत एक खूण आहे. खुणेच्या वर गेलं, तर इंजिन हवेबरोबर तेलही ओढायला लागतं. सूर्यभान त्याला हवेचं भांडं म्हणायचा. त्या वर्षी दिवाळीआधी त्यानं ते धुऊन, पुसून, खुणेपर्यंत तेल घालून ठेवलं होतं. छबूबाईनं हे चुलीपाशी उभं राहून पाहिलं. खूण तिला तिथून कशी दिसणार?

पाडव्याचा दिवस उजाडला. आमच्याकडे त्या दिवशी बायको नवऱ्याला तेल लावून न्हाऊ घालते. छबूबाईनं करडईच्या तेलात कापूरकाचरी आणि नागरमोथा उकळला होता, सगळी वस्ती घमघमत होती. नवऱ्याला न्हाऊ घातलं, ओवाळलं. तो गावात गेला. मग तिनं बैलांच्या शिंगांना तेल लावलं आणि उरलेल्या तेलाचा तांब्या घेऊन माझ्याकडं आली.

"तू काय परकी हाय व्हय?" असं म्हणत तिनं माझं बॉनेट उघडलं. आजूबाजूला पाहिलं. नवरा नव्हता. तिनं त्या काळ्या भांड्याची कळ काढून आत डोकावलं आणि हनुवटीला बोट लावलं. "आगं बया! अर्धं बी न्हाई. सनासुदीचं भांडं असं रितं ठेवत्यात का कुठं?"

आमच्या भागात सणाच्या दिवशी कुठलंच भांडं अर्धं ठेवत नाहीत. घागर असो, कणगी असो की दिव्यातलं तेल, काठोकाठ भरायचं. छबूबाईनं तांब्या कलता केला आणि माझं भांडं पार गळ्यापर्यंत भरलं. झाकण लावलं, वर कुंकवाचं बोट ओढलं. माझ्या तर तोंडचं पाणी पळालं! ओरडून सांगावंसं वाटलं, अगं बाई, थांब, हे पोटात गेलं तर मी वेडी होईन. पण मला हॉर्न आहे तो वाजवायलाही दुसऱ्याचा हात लागतो. 

दुसऱ्या दिवसापासून रस्त्यावर वेग घेतला की मी धूर ओकायला लागले. निळसर, दाट, डोळे चोळायला लावणारा. आणि नेमकं त्याच आठवड्यात माझं पासिंग होतं. पासिंग म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे की नाही याची दर वर्षीची सरकारी तपासणी. त्याआधी धुराची चाचणी पास व्हावी लागते. धुराच्या धास्तीनं घाटात बैलाच्या चालीनं चढवत सूर्यभान मला एकटाच नगरला घेऊन गेला. चाचणीवाल्यानं माझ्या सायलेन्सरच्या तोंडात नळी खुपसली आणि अ‍ॅक्सिलेटर तळाला टेकवला. शेजारच्या टपरीवर चहा पिणारी माणसं खोकत खोकत उठून रस्त्यापलीकडं गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, नापास," चाचणीवाला म्हणाला. "दुरुस्त करून आणा. धूर असाच राहिला तर पासिंग विसरा."

 वस्तीवर पोचलो तर दारात मुकादम बसलेला. मुकादम म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या जमवून कारखान्याला नेणारा माणूस. त्याला बातमी कुठून लागते देव जाणे. तो माझ्याकडं बघत म्हणाला, "सूर्यभान, गाडी गेली समज. दोघं या की यंदा टोळीत. आठ दिसांत ट्रक भरून निघतोय."

छबूबाईनं हातातलं ताट खाली ठेवलं. ती आत गेली आणि किती तरी वेळ बाहेर आली नाही. मी नापास झाले तर नुसती मी मोडीत जाणार नव्हते, मित्रांनो. ही बाई पुन्हा त्या फडात जाणार होती. आणि हे सगळं कशानं झालं, ते त्या अंगणात फक्त मला ठाऊक होतं.

तिसगावच्या कारभारी मिस्त्रीकडं माझी रवानगी झाली. कारभारी वाईट माणूस नव्हे. त्यानं धुराचा रंग पाहिला, मान हलवली आणि म्हणाला, "पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजिन खोलावं लागंल."

सूर्यभान म्हणाला, "हवेचं भांडं बघायचं का?"

"दिवाळीआधी तूच धुतलंस ना?"

"व्हय, माझ्या हातानं."

"मग त्यात काय बघायचं?"

झालं! माझं सगळं काळीज पसरून तरटावर मांडलं. पाने वाजत होते, नट सुटत होते, आणि ते काळं भांडं मात्र सांडू नये म्हणून बेतानं उचलून कोनाड्यात ठेवलं गेलं. मी जीव मुठीत धरून पाहत होते. आता उघडतील, मग उघडतील. कुणी उघडलं नाही. नव्या रिंगा बसल्या आणि भांडं जसंच्या तसं जागेवर आलं. सुरू केल्यावर मी हळू चालीत बरी वागले. हळू चालले की तेल वर चढत नाही ना. कारभारी मिशीत हसला. सूर्यभानचा चेहरा उजळला. मला मात्र घाट दिसत होता. करंजीचा चढ, खालचा गिअर, तळाला टेकलेला पाय, आणि गळ्यापर्यंत भरलेलं ते तेल.

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी छबूबाई हट्टानं बरोबर निघाली. "सांजच्याला मुकादमाला जबाब द्यायचा हाय. जे व्हईल ते माझ्या डोळ्यांदेखत व्हऊ द्या." फाटक्या शिटावर चौपदरी गोधडी टाकून ती पुढं बसली. बाकी कुणी माणूस घेतलं नव्हतं. करंजीपर्यंत सगळं ठीक होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, सूर्यभान, हळू घे, वेळ लागू दे, हळू घे.

घाट सुरू झाला. माझं तोंड वर झालं. सूर्यभाननं दुसरा गिअर टाकला आणि पाय दाबला.

काळ्या भांड्यात तेल हिंदकळलं, काठावरून चढलं आणि सरळ माझ्या घशात उतरलं. तेल म्हणजे डिझेलचंच भावंड. इंजिनाला काय, पेटणारं काहीही चालतं! माझा आवाज वाढला. सूर्यभाननं चपापून पाय काढला. आवाज उतरला नाही. आणखी चढला. त्यानं इंजिन बंद करायची तार ओढली. तार डिझेल बंद करते हो, पण मी डिझेलवर चाललेच नव्हते. मी पाडव्याच्या तेलावर धावत होते आणि मला थांबवणारं माझ्या अंगात काहीच उरलं नव्हतं.

भीती म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. तोवर मी उताराला भ्याले होते, चिखलाला भ्याले होते. आता मी स्वतःलाच भ्याले. माझंच इंजिन मला ओढत होतं, किंचाळत होतं, अंगातला नट न् नट सुटायला बघत होता. मागं पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट उठला आणि घाट दिसेनासा झाला. वरच्या वळणावरून यष्टीचा हॉर्न वाजला. डाव्या हाताला दरी होती.

सूर्यभाननं क्लच दाबला, ब्रेक दाबला आणि मला कशीबशी दरीच्या कडेच्या कठड्याला टेकवून उभं केलं. यष्टी अंगावरून गेल्यासारखी शेजारून गेली. मी उभी राहिले खरी, पण इंजिन सुटं झाल्यावर दुप्पट बोंबलायला लागलं. माझा हातब्रेक कधीचाच निकामी होता. सूर्यभाननं ब्रेकवरचा पाय काढला असता तर मी मागं मागं जात थेट दरीत गेले असते. तो जागचा हलू शकत नव्हता.

"छबू, उतर! लांब हो! फुटंल ही!" तो ओरडला.

छबूबाई उतरली. रस्त्याकडेचा मोठा धोंडा उचलून तिनं माझ्या मागच्या चाकाला लावला. मग ती धुरात उभी राहिली आणि एकदम तिचं तोंड पांढरंफटक पडलं. धुराला वास येत होता. कापूरकाचरीचा, नागरमोथ्याचा.

"अवं, हे तर माझं पाडव्याचं तेल हाय!"

"काय बोलतीस? लांब हो म्हनतो ना!"

ती लांब झाली नाही. तिनं सीटवरची गोधडी खेचली आणि बॉनेटच्या खिट्ट्या काढल्या. माझी बोबडी वळली, मित्रांनो! आत माझा पंखा वाऱ्यासारखा फिरत होता आणि तिचा पदर हवेनं त्याच्याकडं ओढला जात होता. पंखा माझा, पण थांबवणं माझ्या हातात नव्हतं. मी किंचाळत होते ती तेलानं की भीतीनं, मला सांगता येत नाही. जिनं मला रोज पुसलं, तिलाच मी आता ओढून घेणार, एवढं एकच मला दिसत होतं.

तिनं पदर काढून कमरेला करकचून खोचला. भडकलेल्या स्टोव्हवर आपण ओलं पोतं टाकतो ना, तशी तिनं ती गोधडी त्या काळ्या भांड्यावर टाकली, चारी बाजूंनी गुंडाळली आणि दोन्ही हातांनी आवळून धरली. माझा श्वास कोंडला. मी गोधडी आत खेचायला बघत होते आणि ती बाहेर धरून होती. तिच्या हाताला इंजिनाचा चटका बसला तसं तिच्या तोंडून "आई गं" निघालं, पण पकड सुटली नाही. मी गदगदा हलले, दोनदा खोकले आणि बंद पडले.

खाली करंजीत कुणाच्या तरी विहिरीवरचा पंप चालू होता, तो ऐकू यायला लागला.

छबूबाई रस्त्यावर मटकन बसली. "म्याच वतलं वं. पाडव्याला. अर्धं दिसलं म्हनून गळ्यापातूर भरलं. मला काय ठावं, तितकंच लागतंय म्हनून?" आणि ती ओक्साबोक्शी रडायला लागली. "म्याच मारत हुते तिला. तुमाला बी मारत हुते."

मला वाटलं, आता हा हात उगारणार. मी त्यालाही भ्याले. सूर्यभाननं मला गिअरमध्ये टाकलं, दुसऱ्या चाकालाही धोंडा लावला आणि तिच्यासमोर येऊन बसला. तिचा भाजलेला हात हातात घेतला. म्हणाला, "तुला ठावं न्हाई, कारन म्या कधी दावलंच न्हाई. जवळ आलीस की हाकलली. तू आज लांब झाली असतीस तर आपण दोघं खाली असतो."

मग त्यानं भांडं काढलं. जास्तीचं तेल रस्त्याकडेच्या मातीत ओतलं. आत बोट घालून तिला खूण दाखवली आणि खुणेपर्यंत तेल तिलाच ठेवायला लावलं. पुन्हा सुरू व्हायचं म्हटल्यावर माझ्या अंगाला कापरं भरलं. सूर्यभाननं किल्ली फिरवली. सुरू झाले. धूर आला, मग विरळ झाला, आणि नगरची घरं दिसायला लागेपर्यंत उरलासुरलाही गेला.

चाचणीवाल्यानं नळी खुपसली. "काका, दाबा अ‍ॅक्सिलेटर. पार तळाला."

सूर्यभानचा पाय पुढं जाईना. कसा जाणार? माझंही तेच झालं होतं. एकदा सुटले तर परत येईन का, याची मला स्वतःचीच खात्री राहिली नव्हती. तेवढ्यात छबूबाई पुढं आली. चिंधी बांधलेला हात तिनं माझ्या बॉनेटवर ठेवला.  "दाबा तुमी," ती म्हणाली. "भ्यायचं तर तिघं मिळून भिऊ."

पाय दाबला गेला. मी वर गेले, खूप वर गेले, अंगातलं सगळं बळ एकवटून गेले. पाय उचलला. आणि मी खाली आले! आपसूक, शहाण्या पोरीसारखी. पुन्हा दाबला, पुन्हा आले. चाचणीवाला यंत्राकडं बघत म्हणाला, "पास."

छबूबाईनं आनंदानं काही आरडाओरडा केला नाही. ती नवऱ्याकडं वळून म्हणाली, "आता उघडा हिचं बॉनेट. समदं दावा मला. हितंच." आणि नगरच्या भर रस्त्यावर, येणारी-जाणारी माणसं थांबून बघत असताना, सूर्यभान तिला एकेक गोष्ट सांगत बसला. हे पाण्याचं, हे तेलाचं, हितं हात लावायचा न्हाई, हितं लावला तर चालतंय. ती विचारत होती, तो सांगत होता. त्या संध्याकाळी मुकादमाचा ट्रक आमच्या वस्तीवरून तसाच पुढं गेला.

मित्रांनो, माझी भीती काही गेलेली नाही. करंजीचा घाट लागला की अजून मी भिते, आणि माझा आवाज जरा चढला की छबूबाई गप्पा सोडून कान देते. तुमच्या दारातही एखादं जुनं यंत्र असेल. त्याची निगा राखा, वेळच्या वेळी तेलपाणी बघा, हे तर मी सांगणारच. पण तुमच्या घरात त्या यंत्राला जीव लावणारं कुणीतरी असेल, आई असेल, बहीण असेल, आणि तिला कुणी रोज "लांब हो" म्हणत असेल. तिला जवळ बोलवा. झाकण उघडून आत काय आहे ते दाखवा. कळवळून सांगते, आजच दाखवा. त्या घाटात माझी छबूबाई वाचली. सगळ्याच वाचतात असं नाही.